पीसीएसके९ : जन्मापासूनच चालू असलेली ट्रायल

जीनोमचा, म्हणजे आपल्या संपूर्ण डीएनएचा, विषय निघाला की कोणीतरी हे म्हणतंच, "एवढा गाजावाजा करून माणसाचा जीनोम वाचला, मग औषधं कुठे आहेत?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही म्हणा. २६ जून २००० ला व्हाइट हाउसमधून जी घोषणा झाली ती ऐकून खरंच वाटलं होतं की आता थोड्याच वर्षांत डायबिटीस, कॅन्सर, हार्ट अटॅक सगळ्यांचा निकाल लागणार. तसं काही झालं नाही, आणि मधल्या काळात बाजारात आलं काय, तर थुंकीचा नमुना पाठवा आणि मुलाचा कल गणिताकडे आहे की गाण्याकडे ते जाणून घ्या असले रिपोर्ट. हे सरळसरळ ज्योतिष आहे, फक्त ग्रहांच्या जागी डीएनए आलाय. असल्या गुणांमध्ये हजारो जीन्सचा प्रत्येकी चिमूटभर हात असतो आणि घर, शाळा, नशीब यांचा कितीतरी मोठा, त्यामुळे एका मुलाबद्दल त्यातून सांगण्यासारखं जवळजवळ काही निघत नाही.

पण म्हणून "जीनोममधून काहीच मिळालं नाही" हेही खरं नाही. मला ज्या एका जीनची गोष्ट भयंकर आवडते तो म्हणजे पीसीएसके९. नाव लक्षात राहण्यासारखं नाही, पण काम लक्षात राहील.

आधी कोलेस्टेरॉलबद्दल पटकन. ते विष नाही, आपल्या प्रत्येक पेशीच्या पडद्यात ते लागतंच. पण ते तेलकट असल्यामुळे रक्तात नुसतं फिरू शकत नाही, प्रोटीन आणि चरबीच्या बारीक गोळ्यांमध्ये भरून फिरतं, आणि त्यातल्या एका प्रकारच्या गोळ्यांना म्हणतात एलडीएल. हे कण जास्त झाले आणि जास्त वर्षं फिरत राहिले की रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत शिरून तिथे अडकतात, मग त्यांना खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात, तिथेच मरतात आणि भिंतीत गाठ तयार होते. भिंतीत, आतल्या पोकळीत नाही, हे महत्त्वाचं आहे. "नसा साफ करणारे" म्हणून जे काढे फॉरवर्ड होत असतात त्यांना हीच गोष्ट माहीत नसते, नळात साचलेला गाळ धुवावा तसं धुण्यासारखं तिथे काही नसतंच.

आता हे एलडीएल रक्तातून काढून कोण घेतं? मुख्यतः लिव्हर. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर असतात आणि ते जाणारा कण पकडून आत ओढतात. मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या जोडीने हे शोधून काढलं आणि १९८५ चं नोबेल मिळवलं. ज्यांचा हा रिसेप्टरच जन्मतः बिघडलेला असतो त्यांचं एलडीएल लहानपणापासून प्रचंड वाढलेलं असतं, आणि दोन्ही प्रती (प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून) बिघडलेल्या असतील तर अगदी लहान वयातही हार्ट अटॅक येऊ शकतो.

आता माझा आवडता भाग, जरा सावकाश वाचा. रिसेप्टर कणाला घेऊन पेशीच्या आत जातो तेव्हा पडद्याचाच एक तुकडा आत वळून त्याची पिशवी बनते. पेशी या पिशवीत पंपाने प्रोटॉन भरायला लागते, म्हणजे आतलं वातावरण आंबट होत जातं. बाहेर रक्तात पीएच ७.४ च्या आसपास, पिशवीत तो घसरून ६ च्या खाली येतो. हा आंबटपणा लागला की रिसेप्टर स्वतःभोवती वळतो, त्याचाच एक भाग येऊन कण पकडणाऱ्या भागावर बसतो आणि कण सुटतो. सुटलेला कण पुढे लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या तोडफोड विभागात जातो आणि रिकामा रिसेप्टर परत पृष्ठभागावर येतो, पुढचा कण पकडायला तयार. एका फेरीला साधारण १० मिनिटं आणि रिसेप्टरचं आयुष्य साधारण २० तास, म्हणजे एकच रिसेप्टर शंभरावर फेऱ्या मारतो!

यात पीसीएसके९ कुठे येतं? या जीनवरून बनणारं याच नावाचं प्रोटीन लिव्हरच बनवतं आणि रक्तात सोडतं, मग ते बाहेरून येऊन त्याच रिसेप्टरला चिकटतं. पण कण जिथे धरला जातो तिथे नाही, शेजारच्या ईजीएफ-ए नावाच्या भागाला. दोघं-तिघं मिळून आत जातात, पिशवी आंबट होते, आणि इथे गंमत आहे, ज्या आंबटपणामुळे एलडीएलची पकड सुटते त्याच आंबटपणामुळे पीसीएसके९ ची पकड कित्येक पटींनी घट्ट होते. रिसेप्टरला मग नीट वळताच येत नाही, तो उघडाच राहतो, परतीच्या रस्त्याला लागत नाही आणि कणाबरोबर स्वतःही लायसोसोममध्ये जाऊन संपतो. शंभर फेऱ्या मारणारा गडी दोन-चार फेऱ्यांतच गेला. अजून एक विचित्र गोष्ट अशी की हे प्रोटीन ज्या कुटुंबातलं आहे ते कुटुंब कात्रीचं काम करणारं, इतर प्रोटीन्स कापणारं, पण हा पठ्ठ्या फक्त स्वतःलाच एकदा कापतो, रिसेप्टरला कापत नाही, नुसता चिकटून राहून मारतो. (ईजीएफ-ए वगैरे डोक्यावरून गेलं तरी चालेल, एवढंच धरा की पीसीएसके९ जास्त म्हणजे रिसेप्टर कमी, आणि रिसेप्टर कमी म्हणजे रक्तात एलडीएल जास्त.)

हे सगळं आज आपण आरामात सांगतोय, पण २००३ पर्यंत हा जीन कोणाच्या खिजगणतीत नव्हता. त्या वर्षी मॉन्ट्रियलमध्ये नबील सैदा यांच्या ग्रुपने हे प्रोटीन शोधलं आणि पॅरिसमध्ये कॅथरीन बोइलो आणि मरियान अबिफादेल यांच्या टीमला अशी फ्रेंच कुटुंबं सापडली ज्यांचं कोलेस्टेरॉल पिढ्यानपिढ्या खूप जास्त होतं पण रिसेप्टरचा जीन ठीकठाक होता. बिघाड होता पीसीएसके९ मध्ये, आणि बिघाड म्हणजे काम बंद नव्हे तर उलट, काम जास्त.

मग टेक्सासमध्ये डॅलसला हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा विचार केला. जीन जास्त चालला तर एलडीएल वाढतं, मग बंद पडलेला जीन घेऊन फिरणारी माणसं कुठेतरी असणारच आणि त्यांचं एलडीएल कमी असणार. सगळे संशोधक आजारी माणसांच्या मागे असतात, यांनी एलडीएल अगदी कमी असणारी धडधाकट माणसं निवडून त्यांचा जीन वाचला. २००५ मध्ये उत्तर आलं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांपैकी साधारण २ टक्के लोकांमध्ये या जीनची एक प्रत पार बंद होती आणि त्यांचं एलडीएल बरंच कमी होतं.

खरा धक्का २००६ चा. एका मोठ्या अभ्यासात हजारो लोकांवर १५ वर्षं नजर ठेवलेली होती, त्यातले ३,३६३ कृष्णवर्णीय लोक घेतले, २.६ टक्क्यांकडे बंद प्रत निघाली. त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्के कमी. ८८! आता बंद प्रतवाले मोजून पाहिले तर शंभरसुद्धा नव्हते, त्यामुळे या आकड्याला नेमका समजू नका. पण त्याच अभ्यासातल्या गोऱ्या लोकांमध्ये याच जीनचा एक सौम्य बदल होता, तिथे एलडीएल १५ टक्के कमी आणि धोका ४७ टक्के कमी. दिशा तीच. शिवाय दोन्ही प्रती बंद असलेली एक तरुण स्त्रीही सापडली, तिचं एलडीएल होतं १४, (मोठ्या माणसांत १०० च्या वर सहज असतं) आणि ती ठणठणीत.

आता याला मी ट्रायल का म्हणतोय ते सांगतो. क्लिनिकल ट्रायलमध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट असते चिठ्ठ्या टाकणं, कोणाला औषध आणि कोणाला नकली गोळी ते नशिबाने ठरतं, म्हणजे मग श्रीमंत, व्यायाम करणारे, काळजी घेणारे असे लोक एकाच बाजूला गोळा होत नाहीत. आईबापांच्या दोन प्रतींपैकी कोणती प्रत मुलाला मिळणार हेसुद्धा असंच नशिबाने ठरतं, गर्भ राहताना, त्याच्या सवयी, शिक्षण, पगार काही ठरायच्या आधी. म्हणजे बंद प्रत मिळालेला माणूस जन्मापासून पीसीएसके९ चं "औषध" घेतोय आणि त्याचा सख्खा भाऊ नकली गोळी. याला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. अटी आहेत अर्थात. तो जीन दुसऱ्याच कुठल्या रस्त्यानेही आजारावर परिणाम करत असेल तर हिशोब फसतो, आणि वेगवेगळ्या वंशांचे लोक सरमिसळ करून मोजले तरी फसतो.

हीच पद्धत "चांगल्या" कोलेस्टेरॉलला, म्हणजे एचडीएलला लावली तेव्हा काय झालं ते फार कोणी सांगत नाही. एचडीएल जास्त असलेल्यांना हार्ट अटॅक कमी येतात हे पाहणीत पक्कं दिसतं, मग एचडीएल वाढवणारं औषध काढा की, असं सगळ्यांनाच वाटलं. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल ७२ टक्के वाढवलं, वर एलडीएलसुद्धा कमी केलं, आणि डिसेंबर २००६ मध्ये १५ हजार लोकांची ट्रायल घाईघाईने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते. त्या औषधाचे ब्लडप्रेशर वाढवण्यासारखे स्वतःचे दुर्गुणही होते म्हणा, पण २०१२ मध्ये जेनेटिक्सनेच जरा तिखट उत्तर दिलं, ज्यांच्यात एका जीनच्या बदलामुळे जन्मभर एचडीएल जास्त असतं त्यांना हार्ट अटॅक काही कमी येत नाहीत. म्हणजे एचडीएल हे बहुतेक चांगल्या तब्येतीची खूण आहे, कारण नाही. रिपोर्टवर एचडीएल थोडं जास्त आलं म्हणून खूश होणाऱ्यांनी हे वाचावं.

पीसीएसके९ कडे परत. रस्ता स्पष्ट होता, प्रोटीन रक्तात फिरतंय, म्हणजे त्याला तिथेच पकडणारी अँटिबॉडी द्यायची. २०१५ मध्ये अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब या दोन इंजेक्शनांना मान्यता मिळाली, फ्रेंच कुटुंबांपासून मोजलं तर १२ वर्षांत, औषधांच्या जगात हा वेग भन्नाटच. यात एक मजा अशी की स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करण्याची नेहमीची गोळी) घेतलं की पेशी रिसेप्टर जास्त बनवते पण त्याच बटणाने पीसीएसके९ सुद्धा जास्त बनवते, म्हणजे एका हाताने देते आणि दुसऱ्याने काढते, आणि स्टॅटिनचा डोस दुप्पट करूनही एलडीएल जेमतेम ६ टक्के जास्त उतरतं त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. म्हणून ही दोन्ही औषधं एकत्र छान चालतात.

२०१७ मध्ये फूरिये ट्रायलचा निकाल आला, २७,५६४ पेशंट, जवळजवळ सगळे आधीच स्टॅटिनवर. इव्होलोक्युमॅबने एलडीएल ९२ वरून ३० वर आणलं, नकली इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तुलनेत ५९ टक्के घट. आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं मिळून घट किती? १५ टक्के. बऱ्याच जणांचा विरस झाला, जीनने २८ टक्क्यांच्या घटीत ८८ टक्के दिले आणि औषधाने ५९ टक्क्यांत फक्त १५?

मला हा विरस पटत नाही, उलट यातूनच सगळ्यात मोठी गोष्ट कळते. जीनवाल्यांचं एलडीएल पहिल्या दिवसापासून कमी होतं, ट्रायलमधल्या लोकांचं साठीच्या आसपास, तेही सरासरी २.२ वर्षांसाठी, आणि त्यांच्या भिंतीत गाठी आधीच तयार होत्या. नुकसान एलडीएलच्या आजच्या आकड्याने होत नाही, आकडा गुणिले वर्षं, अशा साठलेल्या हिशोबाने होतं. म्हणजे थोडंच पण लवकर आणि कायमचं कमी केलेलं एलडीएल हे उशिरा केलेल्या मोठ्या घटीपेक्षा भारी पडू शकतं. आता यावरून लगेच सगळ्या तरुणांना गोळ्या सुरू करा असं मी म्हणत नाहीये, निरोगी माणसाला चाळीस वर्षं औषध देणं हा वेगळाच प्रश्न आहे आणि तेवढी लांब ट्रायल कोणी करत नाही.

त्या "कायमचं" पाशी आता लोक पोचायला बघतायत. इन्क्लिसिरान नावाचं औषध लिव्हरमध्ये पीसीएसके९ चा आरएनए संदेशच नष्ट करतं, सुरुवातीच्या डोसनंतर वर्षातून दोन इंजेक्शनं पुरतात. पुढची पायरी म्हणजे जीनच बंद करणं. व्हर्व्ह-१०१ नावाच्या उपचारात लिव्हरच्या पेशीतल्या या जीनमधलं एकच अक्षर, ए च्या जागी जी, असं बदलतात, डीएनए न तोडता, पहिला डोस २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये दिला गेला. एलडीएल उतरलं, पण एप्रिल २०२४ मध्ये एका पेशंटच्या लिव्हरच्या आणि प्लेटलेट्सच्या टेस्ट बिघडल्या म्हणून ट्रायलमध्ये नवे पेशंट घेणं थांबवलं. संशय अक्षर बदलणाऱ्या यंत्रणेवर नाही, ती आत पोचवणाऱ्या चरबीच्या बारीक कणांवर होता, म्हणून व्हर्व्ह-१०२ मध्ये बदल तोच ठेवून पाकीट बदललं. इंजेक्शन नको झालं तर बंद करता येतं, बदललेलं अक्षर परत घेता येत नाही, त्यामुळे अमेरिकेची औषधांवर देखरेख करणारी संस्था एफडीए अशा उपचारांत पेशंटवर १५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवा असं सांगते, आणि एखादी कंपनी एका डोसनंतर तीन महिन्यांचे ग्राफ दाखवून "हार्ट अटॅक संपला" म्हणायला लागली तर पहिला प्रश्न विचारायचा तो याच वर्षांबद्दल.