सरकारचं नवं-जुनं

मार्च उजाडला की गावच्या विकास सोसायटीत गर्दी वाढते. ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरलं तर व्याजात सवलत, नाहीतर नाव थकबाकीदारांच्या यादीत. हातात तर पैसा नसतो. मग पाहुण्याकडून, आडत्याकडून, नाहीच जमलं तर शेकड्याने घेऊन चार-आठ दिवसांपुरती सोय होते. जुनं खातं निल होतं आणि एप्रिलमध्ये तेवढंच किंवा थोडं वाढीव कर्ज परत नावावर पडतं. याला गावाकडे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. कर्ज फिटलं का? कागदावर फिटलं.

सरकारंही हेच करतात, आणि मार्चची वाट न बघता. राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव साधारण दर मंगळवारी असतो. सकाळी साडेदहा ते साडेअकरा या तासाभरात बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी रिझर्व्ह बँकेच्या संगणकप्रणालीवर बोली लावतात आणि त्याच दिवशी निकाल लागतो. केंद्राचा वार शुक्रवार. त्या प्रणालीचं नाव ‘ई-कुबेर’. लग्नासाठी कुबेराकडून काढलेलं कर्ज तिरुपतीचा बालाजी अजून फेडतोय अशी कथा आहे, तेव्हा हे नाव सुचवणाऱ्याला दाद द्यायला हवी. लिलावातून आलेल्या पैशातला काही भाग नव्या खर्चाला जातो आणि काही मुदत संपलेले जुने रोखे चुकते करायला. एकूण कर्ज कधीतरी शून्यावर आणू, असा बेत ना दिल्लीत कुणाचा आहे ना मंत्रालयात.

त्यामुळे ‘सरकार असं किती दिवस कर्ज काढत राहणार?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, नवं-जुनं करून द्यायला समोर उभं कोण आहे? आणि ते आपखुशीने उभं आहे की धरून आणलेलं? आपल्याकडचा इतिहास बघितला तर हा समोरचा माणूस दर काही दशकांनी बदललेला दिसतो.

पेशवाईत तो सावकार होता. थोरल्या बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचं रडगाणं पानोपानी आहे, आणि गंमत म्हणजे स्वामी स्वतःच मोठे सावकार होते. थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये थेऊरला मृत्यूपूर्वी जी कलमं लिहवून घेतली त्यांत कर्ज फेडण्याचं कलम होतंच. हे कर्ज पेशव्याच्या नावावरचं. सावकाराची भिस्त त्या माणसाच्या शब्दावर आणि येणाऱ्या मुलूखगिरीवर. मोहीम फसली की पुढची उचल बंद, आणि फौजेचा पगार तटला.

इंग्रजांच्या काळात कर्ज माणसाचं न राहता मुलखाचं झालं. १८५८ च्या कायद्याने कंपनीचं राज्य गेलं, पण तिचं कर्ज आणि तिच्या भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलावर लादला गेला. तो लाभांश १८७४ पर्यंत चालू होता. म्हणजे ज्या कंपनीने मुलूख घेतला, तिच्या भागधारकांना सोडवून घ्यायचा खर्चही मुलखानेच दिला. सावकाराच्या दृष्टीने मात्र ही व्यवस्था झकास, कारण व्हाइसरॉय बदलला तरी शेतसारा येतच राहतो. आजच्या सरकारी रोख्यावरचा विश्वास याच पायावर उभा आहे. खर्चाच्या बाबतीत तेच सरकार कमालीचं हात आखडून असे. १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना गोखल्यांची तक्रार तुटीची नव्हतीच. लोक हालात असताना शिलकीचे अर्थसंकल्प कसले मांडता, असा त्यांचा सवाल होता.

दुसऱ्या महायुद्धाने पारडं फिरवलं. युद्धासाठी इथून माल आणि माणसं गेली, त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत राहिले, आणि स्वातंत्र्याच्या वेळी ब्रिटन भारताचं शंभर कोटी पौंडांहून अधिक देणं लागत होतं. बऱ्यापैकी भरलेल्या गाठोड्यानिशी सुरुवात झाली, एवढं लक्षात ठेवावं.

त्याच सुमारास संविधान सभेत सरकारच्या कर्ज काढण्याच्या अधिकाराची चर्चा झाली. आजचं २९२ वं कलम म्हणतं की संसद कायद्याने जी मर्यादा घालेल तिच्या आत केंद्राला कर्ज काढता येईल. मर्यादा संविधानातच का लिहीत नाही, असा प्रश्न १९४९ मध्ये सभागृहात आला. डॉ. आंबेडकरांनी सांगितलं की संसद हा विषय गांभीर्याने घेईल आणि असे कायदे करील, अशी आपल्याला नुसती आशा नाही तर अपेक्षा आहे. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिलेला माणूस बोलत होता. तसा कायदा व्हायला २००३ साल उजाडलं.

मधल्या काळात जे घडलं तो या कहाणीचा सगळ्यात रंजक भाग, आणि त्याची सुरुवात एका किरकोळ वाटणाऱ्या सोयीतून झाली. जानेवारी १९५५ मध्ये केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक समझोता झाला. दर शुक्रवारी सरकारच्या खात्यात किमान ५० कोटी रुपये शिल्लक दिसली पाहिजे. कमी पडली तर रिझर्व्ह बँकेने ९१ दिवसांची तदर्थ हुंडी, म्हणजे ‘ॲडहॉक’ ट्रेझरी बिल, स्वतःच्याच नावे तयार करून खातं भरून द्यायचं. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पैशाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाल्यावर हा दरवाजा उघडतो, यावरून तेव्हा तो किती निरुपद्रवी वाटला असेल ते कळतं. आठवड्याची ओढाताण निघावी, करांचा पैसा आला की हुंडी रद्द व्हावी, इतकाच हेतू होता.

पण पुढच्याच वर्षी दुसरी पंचवार्षिक योजना आली. सार्वजनिक खर्च ४,८०० कोटींचा, आणि त्यातले १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून, म्हणजे मुख्यतः याच दारातून यायचे होते. अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय या एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. बचत नसताना नोटा काढून योजना चालवाल तर महागाई येईल, हे त्यांचं म्हणणं. पोलाद कारखाने आणि धरणं उभी राहत असताना ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणीच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर धरणं-कारखाने नकोच होते असं आज मागे वळून म्हणणंही मला जमत नाही.

हुंड्या मात्र रद्द होईनात. ९१ दिवस संपले की नवी हुंडी, तिचे संपले की आणखी एक. जुलै १९७४ पासून त्यांचा व्याजदर ४.६ टक्क्यांवर गोठवला, तोही महागाई वीस टक्क्यांच्या वर असलेल्या वर्षी. हुंड्यांचा ढीग फारच वाढला की त्यातला मोठा गठ्ठा उचलून मुदतच नसलेल्या खास रोख्यांत बदलून टाकायचे. मुदतच नाही, म्हणजे नवं-जुनं करायचीही कटकट नाही. अशी सोसायटी कुठल्या गावाला मिळाली नाही.

जे रिझर्व्ह बँकेकडून भागत नव्हतं ते बँकांकडून. १९९० च्या शेवटी तुम्ही राष्ट्रीयीकृत बँकेत १०० रुपये ठेवले, तर त्यातले १५ रुपये सीआरआर, म्हणजे सक्तीची रोख राखीव रक्कम, म्हणून रिझर्व्ह बँकेकडे आणि साडेअडतीस एसएलआर, म्हणजे कायद्याने ठेवायची सुरक्षित गुंतवणूक, म्हणून मुख्यतः सरकारी रोख्यांत. शंभरातले साडेत्रेपन्न कर्जदाराने अर्ज करायच्या आधीच गेलेले. बँकेला ‘देता का?’ असं कुणी विचारत नव्हतं. राहिलेल्या पैशावर व्याज चढं लावून बँक तोटा भरून काढायची, आणि तो भार छोट्या कारखानदारावर पडायचा.

हे देशातल्या देशात रुपयांत चाललं म्हणून चाललं. १९९०-९१ मध्ये केंद्राची तूट जीडीपीच्या आठ टक्क्यांच्या घरात गेली, आखाती युद्धाने तेल भडकलं, आणि परकी चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. डॉलरची हुंडी रिझर्व्ह बँकेच्या फोर्टातल्या इमारतीत तयार करता येत नाही. मे १९९१ मध्ये तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेलं. जुलैत रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतलं सुमारे ४७ टन मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवण्यात आलं, आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून त्यावर ४० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज मिळालं. ते वर्ष संपायच्या आत फेडलं गेलं. पण घरातलं सोनं गहाण पडलं की काय होतं हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. तोवर तुटीच्या आकड्याकडे न फिरकलेले लोकही त्या दिवसांत अर्थकारण बोलू लागले.

सोन्यापेक्षा मोठी गोष्ट नंतर शांतपणे झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये गव्हर्नर सी. रंगराजन आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग यांच्या काळात तदर्थ हुंड्या तीन वर्षांत बंद करायचा करार झाला, आणि १ एप्रिल १९९७ पासून त्या खरोखर बंद झाल्या. त्यांच्या जागी आले ‘अर्थोपाय अग्रिम’, साध्या मराठीत उचल, तीही मर्यादेतली आणि परत करायची. बेचाळीस वर्षांनी दरवाजा लागला. सरकारला बाजाराच्या भावाने कर्ज घ्यावं लागू लागलं आणि एसएलआर टप्प्याटप्प्याने उतरत आज १८ टक्क्यांवर आहे.

२००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याने केंद्राची तूट जीडीपीच्या तीन टक्क्यांवर आणायचं ठरलं. ज्या २००८-०९ या वर्षी ते साधायचं होतं त्या वर्षी ती सहा टक्के निघाली. जागतिक मंदी होती, शेतकरी कर्जमाफी होती, आणि पुढे निवडणूकही होती. कोविडच्या २०२०-२१ मध्ये ती ९.२ टक्क्यांवर पोहोचली. नवे रोखे थेट सरकारकडून घ्यायला या कायद्याने रिझर्व्ह बँकेला एरवी मनाई आहे, पण बाजारातून जुने रोखे घ्यायला नाही. २०२१ मध्ये तिने तीन महिन्यांत एक लाख कोटींचे रोखे घ्यायचं आधीच जाहीर केलं. पुढचं दार बंद, खिडकी उघडी.

मग आज हे चालण्यासारखं आहे का? हिशेब तसा शेतकऱ्याला कळेल असाच आहे, आणि अर्थतज्ज्ञ एव्सी डोमार यांनी तो १९४४ मध्ये मांडून ठेवलाय. उत्पन्न वाढण्याचा वेग व्याजदरापेक्षा जास्त असेल तर कर्ज वाढूनही जड होत नाही. रुपयांत बघितलं तर आपली वाढ बहुतेक वर्षं व्याजाच्या पुढे राहिली आहे, आणि केंद्राचं जवळपास सगळं कर्ज देशातलंच आहे. २०२२ मध्ये श्रीलंका बुडाली ती परकी कर्जात. जपान आपल्याच लोकांचं जीडीपीच्या दुपटीहून अधिक देणं घेऊन बसलाय. पण २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प उघडा. एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात व्याज १२.७६ लाख कोटी, म्हणजे रुपयातले चार आणे. त्या वर्षी घ्यायचं निव्वळ कर्ज १५.६९ लाख कोटी. नव्या कर्जातले ऐंशी टक्के जुन्याच्या व्याजाला पुरतील एवढेच. चालतंय खरं, पण बैल दमलेला आहे.

राज्यांना नोटा छापता येत नाहीत, आणि केंद्राचं देणं असेपर्यंत नवं कर्ज काढायला २९३ व्या कलमाखाली केंद्राची परवानगी लागते. केरळ याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवलं गेलं. राज्यांनी पळवाट फार आधी शोधली होती, आणि त्यात महाराष्ट्र मागे नव्हता. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलं होतं आणि मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर पाणी अडवलं नाही तर गेलं, अशी धास्ती. म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं आणि राज्याच्या हमीवर कर्जरोखे विकून एकाच वेळी डझनावारी कामं सुरू झाली. कर्ज महामंडळाचं, म्हणून राज्याच्या पुस्तकात लगेच दिसेना. हमी राज्याची, म्हणून फेड शेवटी तिजोरीवरच. टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडी-सांगोल्याकडे पोहोचायला पुढे किती वर्षं गेली ते तिथल्या लोकांना विचारा. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू होतं. तरी ज्या शिवारात पाणी गेलं तिथे डाळिंब आणि ऊस उभा आहे. अर्धवट कालव्यावर काढलेलं कर्ज आणि भरल्या कालव्यावर काढलेलं कर्ज रोख्याच्या कागदावर सारखंच दिसतं.

२०२५-२६ अखेर राज्याचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अर्थसंकल्पाचा अंदाज होता. राज्याच्या जीडीपीशी प्रमाण १९ टक्क्यांच्या आत, म्हणजे मर्यादेत. मला खटकतो तो दुसरा आकडा, महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. पगार, पेन्शन, अनुदानं यांसाठीच उसनवारी. लाडकी बहीण योजना २०२४ च्या जूनमध्ये जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च सांगितला होता. पुढच्या वर्षी तरतूद ३६ हजार कोटींवर आली, आणि जून २०२५ मध्ये दारूवरचं शुल्क वाढलं.

याच राज्याने एकदा वेगळं केलं होतं. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, तेव्हा तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये स्वतंत्र व्यवसाय कर बसवला. खेड्यातल्या मजुरीसाठी शहरातल्या पगारदाराने पैसे द्यायचे, असा तो उघड व्यवहार होता. तो अजून चालू आहे. मुंबई-पुण्यातल्या बहुतेक पगाराच्या स्लिपांवर ‘पी. टॅक्स’समोर २०० रुपये दिसतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. लाडक्या बहिणीच्या दीड हजारासाठी अशी ओळ कुणाच्या स्लिपवर नाही. तिचा हिशेब मंगळवारच्या लिलावाच्या यादीत मिसळलेला आहे, आणि त्या यादीत प्रत्येक रोख्यासमोर तो चुकता करायचं साल छापलेलं असतं.