शाकुहाची: ओठांना न लावता विकत घेताना

शाकुहाची म्हणजे जपानची बांबूची उभी बासरी. जपानबाहेर राहणाऱ्याला ती बहुतेक वेळा फोटो बघून आणि ध्वनिमुद्रण ऐकूनच मागवावी लागते. एकदाही फुंकून न बघता वाद्यासाठी एवढे पैसे मोजायचे, हे कुणाच्याही जिवावर येणारच. तरी माझं मत असं की नवशिक्यासाठी हा व्यवहार वाटतो तेवढा धोक्याचा नाही. त्याचं कारण या वाद्याच्या ध्वनिशास्त्रात आहे.

हिचा आवाज आपल्याकडे फारसा कानावर पडत नाही. पण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीत गोरो यामागुची यांची शाकुहाची आहे आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे.

सर्वांत प्रचलित शाकुहाची १.८ शाकू लांबीची, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. पुढे चार आणि मागे एक अशी पाच छिद्रं. ती सगळी बंद करून मिळणाऱ्या खालच्या स्वराला ‘रो’ म्हणतात. त्याची कंपनसंख्या साधारण २९४ हर्ट्झ. दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीत मूळ स्वराची अर्धी तरंगलांबी मावते. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर ही अर्धी तरंगलांबी येते ५८.३ सेंटिमीटर. बांबू तर ५४.५ चाच आहे. मग उरलेले जवळजवळ ४ सेंटिमीटर कुठले?

आतल्या पोकळीच्या आकाराचा त्यात थोडा हात असतो. खालच्या टोकाबाहेरची हवाही नळीच्या हवेबरोबर हलते, त्याचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर. बाकीचा मोठा वाटा वरच्या टोकाचा. वादक खालचा ओठ आणि हनुवटी टेकवून वरचं तोंड बरंचसं झाकतो आणि समोरच्या तिरक्या धारेवर, म्हणजे ‘उतागुची’वर, हवेचा पातळ झोत सोडतो. उघडं तोंड जितकं अरुंद, तितकी नळी आवाजाच्या हिशेबात लांब. मान खाली घातली की फट आणखी अरुंद होते आणि स्वर उतरतो. या ‘मेरी’ने वादक सा वरून शुद्ध नीवर आणि त्याच्याही खाली सहज जातो. म्हणजे बासरीचा एक तुकडा पार्सलमधून येतच नाही, तो वाजवणाऱ्याच्या ओठांशी तयार होतो.

म्हणून विक्रेत्याने पाठवलेलं सुंदर वादन ऐकून भाळू नये. त्यात बासरीइतकाच वाजवणाराही ऐकू येतो. आणि नवशिक्याने दुकानात जाऊन फुंकलं तरी पहिल्यांदा बहुधा नुसती हवाच ऐकू येते, त्यावरून बरंवाईट ठरवता येत नाही. घेताना शिकवणाऱ्या गुरूचं मत मिळालं, तर ते स्वतःच्या पाच मिनिटांच्या चाचणीपेक्षा कितीतरी मोलाचं.

खरी कारागिरी असते आतल्या पोकळीत. मदाके जातीच्या बांबूचा मुळाकडचा भाग घेतात, आतले पडदे फोडतात. आज वापरातल्या बहुतेक शाकुहाचींत मग उरुशी झाडाचा चीक आणि बारीक मातीची पूड यांचा ‘जी’ नावाचा लेप देऊन पोकळी घासून नेमक्या आकाराला आणतात. लेपाशिवायच्या बासरीला जी-नाशी म्हणतात. इथे मिलिमीटरच्या अंशांचा फरक पडतो. रो वाजताना नळीच्या मध्यावर हवेचा दाब सर्वांत जास्त खाली-वर होतो, पण त्याच्या वरच्या सप्तकातल्या स्वराला तिथेच तो जवळपास स्थिर असतो. त्यामुळे मध्यावर लेपाचा एक उंचवटा राहिला, तर खालचा स्वर किंचित चढतो आणि वरचा किंचित उतरतो. दोन सप्तकांचा मेळ बिघडतो. कारागीर ओल्या वर्तमानपत्राचा नखाएवढा कपटा काडीने आत चिकटवतो, वाजवून बघतो, कपटा सरकवतो, पुन्हा वाजवतो. जागा सापडली की तिथे लेप. ही मेहनत कुठल्याच फोटोत दिसत नाही. फोटोत दिसतात बुंध्याची देखणी मुळं आणि वेताची वीण, ज्यांचा आवाजाशी फारसा संबंध नाही.

तेव्हा विक्रेत्याकडून धून मागवण्याऐवजी साधे, लांब स्वर मागवावेत: मान सरळ ठेवून खालचा रो, लगेच वरचा रो, मग प्रत्येक छिद्राचा स्वर दोन्ही सप्तकांत. फोनवरच्या ट्यूनरने मेळ तपासता येतो. त्या खोलीचं तापमानही विचारावं, कारण दर अंशाला स्वर सुमारे ३ सेंट (अर्धस्वराचे शंभरावे भाग) चढतो. बासरी ४४० ची की ४४२ ची (सूर जुळवण्याच्या प्रमाण स्वराची, म्हणजे पाश्चात्त्य ‘ए’ची, हर्ट्झमधली कंपनसंख्या) यावर लोक वाद घालतात. तो फरक अवघा ८ सेंटचा, तीन अंशांत भरून निघणारा.

दुसरी भीती तड्याची, आणि ती रास्त आहे. बांबू सुकताना लांबीपेक्षा घेरात जास्त आकसतो, म्हणून तडा उभा जातो. वाजवताना आतली बाजू श्वासाने ओलावते, बाहेरची कोरड्या हवेत सुकते, आणि दोन्हींच्या ओढाताणीत बांबू उकलतो. तोक्योचा हिवाळा कोरडा असतो, नागपूरचा एप्रिल-मे त्याहून कठीण. जुन्या बासरीवर दोऱ्याचे पट्टे आवळलेले दिसले तर घाबरू नये. नीट बांधलेला तडा वर्षानुवर्षं टिकतो. तो छिद्रातून किंवा उतागुचीतून गेला आहे का, एवढं मात्र स्पष्ट विचारावं. उतागुचीत बसवलेल्या शिंगाच्या तुकड्याचा, त्याची धार दिसेल असा जवळून काढलेला फोटोही मागावा, कारण धारेवरचा टवका सगळ्या स्वरांना भोवतो.

परत घेण्याची अट आणि परतीचा टपालखर्च कुणाचा, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यावं. पार्सल आल्यावर बासरी प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवून एक-दोन दिवस घराच्या हवेत रुळू द्यावी. पहिले काही आठवडे थोडा वेळच वाजवावी, दर वेळी आतून कापड फिरवून पुसावी आणि पुन्हा पिशवीत ठेवावी. पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात ती उघडी राहता कामा नये.