टॉयलेट सोप, बेदिंग बार आणि टीएफएमचं खूळ

दर थंडीत तोच फॉरवर्ड फिरतो. ‘साबण घेताना वेष्टनावर टीएफएम बघा. ७६ टक्के असेल तर त्यात तेल जास्त, त्वचा मऊ राहते. ज्यावर बेदिंग बार लिहिलंय तो साबणच नव्हे, नुसतं केमिकल.’ खाली जोडलेले हात आणि दोन गुलाबाची फुलं. यंदा तो मला एका डॉक्टरीणबाईंकडून आला, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं.

वर्गवारी बऱ्याच जणांना माहीत असते, म्हणून भरभर उरकते. भारतीय मानक ब्यूरोच्या लेखी अंगाचा साबण म्हणजे ‘टॉयलेट सोप’, त्याचं मानक आयएस २८८८. त्यात तीन प्रती (ग्रेड): पहिलीला टीएफएम, म्हणजे टोटल फॅटी मॅटर, किमान ७६ टक्के लागतो, दुसरीला ७०, तिसरीला ६०. ‘बेदिंग बार’चं मानक वेगळं, आयएस १३४९८, आणि तिथे ४० टक्क्यांवर भागतं. म्हैसूर सँडलवर ८० टक्के लिहिलेलं असतं, तो अर्थातच पहिल्या प्रतीचा. रंग, वास, पारदर्शकपणा, ‘जंतूंपासून संरक्षण’ यांचा प्रतीशी काही संबंध नाही. एवढं पुरे.

घोळ होतो तो त्या ‘फॅटी मॅटर’पाशी. फॅट म्हटलं की आपल्याला खोबरेल दिसतं, लोणी दिसतं. ७६ टक्के म्हणजे वडीत पाऊण भाग तेलच आहे आणि अंघोळ करताना त्यातलं थोडं अंगावर राहणार, अशी समजूत होते. साबणाच्या जाहिरातींनी ती कधी दुरुस्त केली नाही. त्यांना सोयीचीच आहे.

तेलात कॉस्टिक सोडा घातला की तेलाचा रेणू फुटतो. ग्लिसरीन सुटं होतं आणि तेलातली मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिडं, सोडियमशी जोडली जाऊन त्यांचा साबण होतो. क्रिया पुरी झाली की वडीत तेल म्हणून जवळजवळ काही उरत नाही. मग टीएफएम मोजतात कशाचा? प्रयोगशाळेत साबणाचा कीस पाण्यात विरघळवतात आणि त्यात तीव्र आम्ल घालतात. साबण मोडतो, मेदाम्लं पुन्हा मोकळी होऊन वर येतात. ती पेट्रोलियम इथरमध्ये काढून घ्यायची, इथर उडवून लावायचं आणि खाली जे राहिलं त्याचं वजन करायचं. वेष्टनावरचा आकडा तो हा. साबण मोडल्यावर जे निघालं त्याचा हा हिशेब आहे. धड वडीत ते मोकळं नव्हतंच.

हे पटत नसेल तर साधा गुणाकार करून बघा. पामिटिक आम्लाचा रेणुभार २५६, त्याच्या सोडियम साबणाचा २७८. म्हणजे पाण्याचा थेंबही नसलेला निर्भेळ सोडियम पामिटेट घेतला तरी त्याचा टीएफएम ९२ टक्क्यांच्या आसपासच येणार. उलट बाजूने, ७६ टीएफएमच्या वडीत ८२-८३ टक्के साबण असतो. उरलेल्यात मुख्यतः पाणी, मग थोडं ग्लिसरीन, मीठ, अत्तर, रंग. टीएफएम वाढला म्हणजे साबण वाढला, अंगावरचा मळ आणि तेल ओढून नेणारा माल वाढला. ‘त्वचेला किती तेल मिळेल’ म्हणून लोक जो आकडा वाचतात, तो खरं तर तेल काढणारा ऐवज किती हे सांगतो.

म्हणून आकडा टाकाऊ ठरत नाही. पैसे वसूल होतात की नाही हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही सांगत नाही. समजा १०० ग्रॅमची ७६ टक्क्यांची वडी ४० रुपयांना आहे आणि शेजारची ६० टक्क्यांची ३५ रुपयांना. पहिलीत टीएफएमचा ग्रॅम साधारण ५३ पैशांना पडतो, दुसरीत ५८ ला. स्वस्त वाटणारीच महाग. शिवाय कमी टीएफएमच्या वडीत टाल्क, केओलिन, सोडियम सिलिकेट अशी भर असू शकते, आणि पाणी जास्त असलं तर ती साबणदाणीत पचपचीत होऊन बसते. फेस, टिकाऊपणा, पैसे यांसाठी टीएफएम जरूर बघा. मीही बघते. कोरडी त्वचा, खाज, एक्झिमा यांसाठी तो बघणं म्हणजे चुकीच्या खिडकीत रांग लावणं.

त्यासाठी बघायचं ते पीएच, म्हणजे पदार्थ आम्लधर्मी की क्षारधर्मी हे सांगणारा आकडा: ७ तटस्थ, त्याखाली आम्ल, त्यावर क्षार. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साधारण ४.५ ते ५.५. त्वचेचा वरचा थर पाणी धरून ठेवतो तो ज्या स्निग्ध घटकांमुळे, ते तयार करणारी विकरं (एन्झाइम) याच आम्लधर्मी वातावरणात नीट चालतात. साबण मात्र ९ ते १०.५ च्या घरात. लावला की त्वचेचा पीएच चढतो आणि उतरायला काही तास जातात. धडधाकट त्वचा हे रोज सोसते. सत्तरीतल्या माणसाच्या डिसेंबरातल्या नडग्या सोसत नाहीत.

आणि साबणाचा पीएच ‘सुधारता’ येत नाही. तो सौम्य मेदाम्ल आणि तीव्र कॉस्टिक यांचं लवण आहे, क्षारधर्म त्याच्या घडणीतच आहे. पीएच ५.५ वर आणायला त्यात आम्ल घातलंत तर दूध नासावं तसा तो फुटतो: मेदाम्लं वेगळी, पाणी वेगळं, फेस गायब. त्यामुळे ‘पीएच ५.५ चा शुद्ध साबण’ असं कुणी विकत असेल तर एक तर आकडा खोटा आहे, नाहीतर ती वडी साबणाची नाही.

वडी साबणाची नाही, हे पुष्कळदा खरंच असतं. त्यांना सिंडेट म्हणतात. सिंथेटिक डिटर्जंट या दोन शब्दांचं ते जोडून केलेलं रूप, आणि नाव ऐकून फॉरवर्डवाले दचकतात ते इथेच. या वडीतला फेस तेल-कॉस्टिकच्या साबणाचा नसतो. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट किंवा सोडियम लॉरॉइल आयसेथिओनेटसारख्या घटकांचा असतो. हे घटक तटस्थ किंवा किंचित आम्लधर्मी पाण्यात फुटत नाहीत, त्यामुळे वडीचा पीएच ५.५ ते ७ ठेवता येतो. त्वचेतल्या प्रथिनांनाही ते साबणापेक्षा कमी चिकटतात.

घरी बघायचं असेल तर पीएचच्या पट्ट्या कशाला, हळद आहे; क्षार लागला की ती तांबडी होते. पांढऱ्या सुती चिंधीला हळदीचं पाणी लावून वाळवा. वडी आरओच्या पाण्यात भिजवून चिंधीवर घासा. साबण असेल तर डाग तिथल्या तिथे तांबडा होतो, मग तो तिसऱ्या प्रतीचा असो नाहीतर ८० टक्क्यांचा चंदनी. लग्नाच्या हळदीतला सदरा साबणाने घासून ज्यांनी आणखी बिघडवलाय त्यांना हा रंग ठाऊक आहे. हळदीचं कुंकू करताना क्षार घालतात तो याच कारणाने. सिंडेट वडीवर डाग पिवळाच राहतो. दोन्हींचं मिश्रण असलेल्या वड्या मधलीच कुठलीतरी छटा देतात.

आता बेदिंग बारकडे. २०२१ च्या जानेवारीत सेबामेड या ब्रँडने आपल्या वडीचा पीएच ५.५ असल्याचं सांगत जाहिराती केल्या. त्यांत लक्स १०, पीअर्स १०, डव्ह ७ असे आकडे होते आणि सोबत रिन, म्हणजे कपड्यांची वडी, हिच्याशीही तुलना होती. हे चारही ब्रँड हिंदुस्तान युनिलिव्हरचे; ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने त्या वेळी रिनचा उल्लेख काढायला लावला, बाकी तुलना चालू दिली. त्या भांडणाची तेव्हा खूप मजा लुटली गेली, पण कामाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. पीअर्स आणि डव्ह दोन्ही आपल्याकडे ‘बेदिंग बार’ म्हणूनच विकले जातात. एकाचा पीएच १०, दुसऱ्याचा ७. पीएचमध्ये एकेक अंक दहा पटींचा, तेव्हा तीन अंक म्हणजे हजार पटींचा फरक, आणि वेष्टनावर शब्द तोच!

कारण ‘बेदिंग बार’ या एका छपराखाली निदान तीन वेगळी बिऱ्हाडं राहतात. एक, भर घालून स्वस्त केलेला साबण. फॉरवर्डमध्ये शिव्या मिळतात त्या याला, आणि त्याला त्या मिळाल्या तर माझी हरकत नाही. दोन, पारदर्शक वड्या; त्यांत ग्लिसरीन, सॉर्बिटॉल वगैरे बरंच असल्याने टीएफएम आपोआप खाली येतो, पण मूळ माल साबणच. तीन, सिंडेट किंवा सिंडेट-साबण मिश्रण. याचा टीएफएम कमी दिसतो कारण फेस देणारा माल साबणाचा नाहीच, त्याला टीएफएमच्या फूटपट्टीने मोजण्यात अर्थ नाही. पहिला आणि तिसरा यांना एकाच आकड्यावरून एकच शिवी देणं, याचाच मला राग आहे.

तेव्हा वेष्टनाची पुढची बाजू सोडा, मागची यादी वाचा. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून पहिली तीन-चार नावंच बास. सोडियम पाल्मेट, सोडियम पाम कर्नेलेट, सोडियम कोकोएट, सोडियम टॅलोएट: हा साबण, अनुक्रमे पाम तेलाचा, पाम बियांच्या तेलाचा, खोबरेलाचा आणि जनावराच्या चरबीचा. नावात ‘आयसेथिओनेट’ किंवा ‘सल्फोसक्सिनेट’ दिसलं की सिंडेट. दोन्ही असतील तर आधी कोण आलंय ते बघा. यादीच्या तळाशी बदाम तेल, केशर, दुधाची साय, कोरफड असं काय काय असतं. त्यावर वेळ घालवू नका. साबणात घातलेलं केशर फेसाबरोबर मोरीत जातं.

सिंडेट म्हटलं की सौम्यच, असंही मात्र धरू नका. सोडियम लॉरिल सल्फेट हेही कृत्रिमच आहे आणि त्वचेला चांगलंच झोंबतं. नुसतं ‘सोप-फ्री’ वाचून भुलायचं नाही, फेस कशाचा आहे ते बघायचं.

बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे, आणि मराठवाड्यापासून पुण्याच्या नव्या सोसायट्यांपर्यंत असे लोक कमी नाहीत. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला पकडतं आणि न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला जे करडं, चिकट वर्तुळ धरतं ते हेच. तोच थर अंगावरही बसतो, अंघोळीनंतर त्वचा ओढल्यासारखी वाटते, आणि आपण ‘साबण नीट निघाला नाही’ म्हणून आणखी पाणी ओततो. पहिल्या प्रतीचा साबण इथे काही वेगळा वागत नाही, तोही चोथाच करतो. सिंडेट करत नाही. जड पाणी आणि खाज अशी जोडी ज्यांच्या घरी आहे त्यांनी तेल, क्रीम, पावडर बदलत बसण्याआधी वडी बदलून बघावी.

माझी स्वतःची वाटणी सांगते. कोकणात, मुंबईत, घामाघूम होणाऱ्या तरण्या माणसाला पहिल्या प्रतीचा टॉयलेट सोप उत्तम. काखा, जांघा, पाय इथे लावावा, पाठीपोटावर रोज रगडायची गरज नाही. दिवाळीत तेल-उटणं लावून झाल्यावर तर मला खरा साबणच हवा, कारण तेव्हा कामच तेल काढण्याचं असतं, आणि तो चंदनी हवा, याला काही शास्त्रीय कारण नाही. चेहऱ्याला साबण नको, कुठल्याच प्रतीचा. म्हातारी माणसं, एक्झिमावाले, तान्ही बाळं यांना सिंडेट. अंग ओलसर असतानाच वर तेल किंवा क्रीम. ‘बेबी सोप’ या शब्दावर विसंबू नका: मागे पहिलं नाव सोडियम पाल्मेट असेल तर तो मोठ्यांचाच साबण आहे, वास तेवढा पावडरचा.

राहता राहिले बचत गटांच्या प्रदर्शनातले आणि इन्स्टाग्रामवरचे हाताने केलेले साबण. त्यांच्याशी माझं भांडण नाही. चांगल्या हाताने केलेला साबण खरंच छान असतो. त्यात ग्लिसरीन काढून घेतलेलं नसतं आणि कॉस्टिक मुद्दाम थोडं कमी घालून पाचेक टक्के तेल मोकळं ठेवतात. म्हणजे अंगावर तेल राहण्याची ती समजूत इथे थोडीफार खरी ठरते, आणि गंमत म्हणजे यावर टीएफएम बहुधा छापलेलाच नसतो. पीएच मात्र इथेही नऊ-दहाच, हळद इथेही तांबडी होते. डोकं उठतं ते ‘केमिकल-फ्री’ या पाटीने. मी अशा टेबलापाशी थांबले की कॉस्टिक किती टक्के कमी धरलं आणि वड्या किती आठवडे वाळवल्या, एवढंच विचारते. जिला आपलं काम येतं ती लगेच सांगते. ‘आम्ही कॉस्टिक वापरतच नाही’ असं उत्तर आलं, तर तिथे कारखान्यातला तयार साबण-बेस आणून, वितळवून, रंग-वास घालून साच्यात ओतलेला असतो. कॉस्टिक त्याच्या कारखान्यात आधीच वापरून झालेलं असतं.