झाड पडतं ते बिजागरीवर

तीस मीटर उंचीचं झाड बुंध्यापासून सुटून आडवं होतं, तेव्हा त्याचा शेंडा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. झाड म्हणजे एक सरळ दांडा असं मानलं आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातून १०७ हा आकडा निघतो. पानांचा पसारा हवा अडवतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरेल. वजनाचा हिशेब जास्त धडकी भरवतो. एक मीटर वीस सेंटिमीटर जाडीचा, वीस मीटर लांबीचा ऐनाचा बुंधा घ्या. वर निमुळता होत जातो हे धरूनही तो पंधरा घनमीटर भरतो, आणि ओलं लाकूड घनमीटरला साधारण एक टन. म्हणजे फांद्या सोडून नुसता बुंधाच पंधरा टन.

एवढं धूड दोन माणसं आणि एक चेनसॉ ठरवलेल्या पट्ट्यात पाडतात, आणि तेही बहुतेक वेळा नीट. सगळं श्रेय करवतीला जातं. माझ्या मते ते जायला हवं शेवटपर्यंत मुद्दाम न कापलेल्या चार बोटं लाकडाला.

रीत अशी. ज्या दिशेला झाड पाडायचं त्या बाजूला आधी खाच घेतात. एक काप आडवा, एक तिरपा, आणि मधली फोड काढून टाकायची. खाचेची खोली खोडाच्या जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा. मग मागच्या बाजूने काप घ्यायला लागतात आणि खाचेपर्यंत पोचायच्या आत थांबतात. मधे जी पट्टी उरते ती बिजागरी. तिची जाडी खोडाच्या साधारण दहावा भाग, म्हणजे आपल्या ऐनाला बारा सेंटिमीटर. मागच्या कापात पाचरी ठोकल्या की वजन हळूहळू पुढे सरकतं, झाड या पट्टीवर दुमडतं आणि खाच मिटेपर्यंत तिच्याच ताब्यात राहतं. पट्टी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ राहिली, तर पातळ बाजूचे तंतू आधी तुटतात आणि झाड जाड बाजूकडे ओढलं जातं. कसबी माणूस याचाही उपयोग करून घेतो. झाड थोडं उजवीकडे कललेलं असेल तर तो डाव्या बाजूला बिजागरी जाड ठेवतो.

इथे लाकडाचा स्वभाव कळीचा ठरतो. झाड वाकताना बिजागरीच्या मागच्या कडेचे तंतू ताणले जातात आणि पुढचे दाबले जातात. ओल्या, जिवंत लाकडाचे तंतू तुटण्याआधी बरेच लांबतात, म्हणून बिजागरी टिकते. वाळलेल्या झाडाची बिजागरी पापडासारखी मोडते आणि झाड भलतीकडे जातं. उभं वाळलेलं झाड पाडायला सोपं असं अनेकांना वाटतं. जाणता कापणारा त्यालाच जास्त घाबरतो. शिवाय वर अडकलेली सुकी फांदी यंत्राच्या थरथरीने कधी सुटेल याचा नेम नसतो.

मोठ्या झाडाचं दुसरं गुपित त्याच्या आत कोंडलेल्या ताणात असतं. खोडावर लाकडाचा नवा थर चढतो, तो पक्का होताना उभ्या दिशेने आक्रसू पाहतो. आतलं जुनं लाकूड त्याला आक्रसू देत नाही. परिणामी बाहेरचे थर कायम ताणलेले आणि गाभा कायम दाबलेला. झाडाला याचा फायदाच होतो. लाकूड ताण जास्त सोसतं, दाब कमी. वाऱ्याने खोड वाकलं की वाकाच्या आतल्या अंगाला दाब येतो, पण तिथलं बाहेरचं लाकूड आधीच ताणलेलं असल्याने तो दाब बराचसा जिरून जातो. पुलांच्या तुळयांमध्ये सळ्या आधी ताणून काँक्रीट ओततात त्यामागचा विचार हाच. करवत फिरली की हा समतोल मोडतो. निलगिरीचा ताजा ओंडका कापल्या टोकाला मधोमध चांदणीसारखा तडकतो आणि त्याच्या फळ्या गिरणीतच धनुष्यासारख्या वाकतात, त्याचं कारण हेच.

कललेल्या झाडात ताण आणखी वाढलेला असतो. सागवान, आंबा, ऐन यांच्यासारखी रुंद पानांची झाडं कलाच्या वरच्या अंगाला खास प्रकारचं ताणलाकूड तयार करतात आणि स्वतःला वर खेचून धरतात. पाइन-देवदाराच्या कुळातली झाडं उलट करतात. ती खालच्या अंगाला दाबलाकूड घालून स्वतःला ढकलून धरतात. नदीकडे झुकलेलं झाड नेहमीसारखं मागून कापत गेलं, तर बिजागरी तयार व्हायच्या आत ताण जिंकतो. खोड उभं चिरत दहा-पंधरा फूट वर जातं आणि मागची फाळ कापणाऱ्याच्या छातीच्या दिशेने उसळते. उत्तर अमेरिकेतले लाकूडतोडे याला ‘बार्बर चेअर’ म्हणतात. यावर तोडगा असा, की खाच घेतल्यावर करवतीचं टोक बाजूने खोडात आरपार घालायचं, आधी बिजागरी तिच्या मापाची करून घ्यायची, मग मागे कापत जायचं आणि शेवटी एक पट्टा शिल्लक ठेवायचा. पळायची वाट मोकळी आहे ना ते पाहायचं आणि मग तो पट्टा बाहेरून तोडायचा. पळायचं तेही सरळ मागे नाही, मागच्या बाजूला तिरपं.

म्हाताऱ्या झाडाची खरी परीक्षा गाभ्यात असते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात केरीच्या बाजूला एका घराच्या अंगावर आलेला जुना आंबा पावसाआधी उतरवताना मी पाहिला आहे. कापणारे काका बराच वेळ यंत्राला हातच लावेनात. बुंध्याभोवती उकिडवे बसत, वितीवितीवर कुऱ्हाडीची मागची बाजू ठोकत ते फिरत होते. खण्ण आवाज आला की पुढे, बद्द आला की चिऱ्याच्या लाल तुकड्याने खूण. जमिनीपासून कमरेपर्यंत खुणांचा एक लांबट ठिपका तयार झाला. मग त्यांनी करवतीचं टोक नुसतं हातभर आत घातलं आणि बाहेर पडणारा भुसा तळव्यावर घेतला. आधी पिवळसर, ओला, लांब तंतूंचा. मग एकदम तपकिरी आणि पिठूळ. यंत्र बंद. मालकीणबाईंनी ओसरीवरून विचारलं, “काका, आतून पोकळ आहे तर लवकर पडेल ना?”

“पडेल हो वहिनी. पण कुठे पडेल ते मला ठरवायचंय, त्याला नव्हे.”

त्यांनी खाच नेहमीपेक्षा उथळ घेतली आणि काप कंबरेच्या वर नेला, जिथे ठोकल्यावर आवाज खण्ण येत होता. कारण सरळ आहे. पोकळ झाडात बिजागरीचा मधला भाग नसतोच, उरतात ते दोन बाजूंचे दोन खांब. ते जितके भक्कम, तितका ताबा पक्का.

पोकळ झाड मोडकळीलाच आलेलं असतं असं मात्र नाही. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. खोडाच्या व्यासाचा ७० टक्के भाग पोकळ झाला तरी हा विरोध फक्त २४ टक्क्यांनी घटतो (०.७ चा चौथा घात). सायकलची दांडी नळीची असते ती याच हिशेबाने. पोकळी त्यापुढे वाढली, किंवा एका बाजूला उघडी पडली, की मात्र गणित झपाट्याने बिघडतं.

ही कूज आत पसरते कशी, हे समजायलाही चेनसॉच कामी आली. अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शायगो यांनी १९६० च्या आसपासपासून हजारो झाडं आडवी नव्हे, उभी चिरून पाहिली. त्यांना दिसलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती रासायनिक आणि पेशींच्या भिंती घालतं, तो भाग बंद करून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या घावाची कूज आजही त्या वेळच्या खोडाच्या जाडीतच अडकलेली सापडते. आता झाडाभोवती संवेदकांचा पट्टा बांधून, हातोडीने ठोकून, ध्वनी कुठून किती वेळात पोचला यावरून आतल्या पोकळीचं चित्र काढता येतं. निरोगी लाकडातून ध्वनी आडवा जातानाही सेकंदाला हजार मीटरच्या वर धावतो, कुजक्या भागाला वळसा घालताना उशीर होतो. काका कुऱ्हाडीने करत होते ते हेच, फक्त त्यांचा संगणक कानात होता. बुंध्याशी फळीसारखी कठीण अळंबी उगवलेली दिसली तर ठोकायचीही गरज नसते.

जगातली सगळ्यात अवघड झाडतोड कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या किनाऱ्यावर झाली. तिथला रेडवुड हा आज जगातला सर्वांत उंच वृक्ष. २००६ मध्ये सापडलेला ‘हायपेरिअन’ ११५ मीटरच्या वर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले लाकूडतोडे बुंध्याच्या फुगीर भागाच्या वर जायला खोडात खोबण्या पाडून त्यात फळ्या अडकवत आणि त्या फळ्यांवर उभं राहून दोघं मिळून लांबलचक करवत ओढत. रेडवुडचं लाकूड ठिसूळ. नुसतं आदळलं तर त्याचे तुकडे होतात आणि सगळी मेहनत वाया. म्हणून आधी फांद्या-मातीचा बिछाना तयार करायचा आणि झाड शक्यतो चढाकडे पाडायचं, म्हणजे पडायचं अंतर कमी. त्या मूळ जंगलातला आज साधारण पाच टक्के भाग उरला आहे. धंदा अजूनही जिवावरचा आहे. अमेरिकेत २०२२ साली दर लाख लाकूडतोड्यांमागे सुमारे शंभर कामावर मेले. सगळ्या कामगारांची सरासरी चारच्या आत होती.

आपल्याकडे उंची कमी, भानगडी जास्त. घाटाच्या पायथ्याच्या रानात बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळं असतात, त्यामुळे काप कुठे घ्यायचा हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न गारंबीचा. माणसाच्या मांडीएवढी ही वेल पाच-सहा झाडांचे माथे एकमेकांना बांधून ठेवते. एक झाड पाडायला जावं तर ते वर लटकतं, नाहीतर शेजारच्या दोघांना घेऊन येतं. वेली काही महिने आधी तोडून त्या वाळू दिल्या तर हे नुकसान बरंच घटतं, हे उष्ण कटिबंधातल्या अनेक जंगलांत दिसून आलं आहे.

तिसरी भानगड जांभ्या दगडाची. सड्यावर माती वीतभर, खाली कातळ, मुळं पसरतात ती आडवीच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात झाडं उपटून रस्ते आणि वीज बंद पाडली, तेव्हा मुळांचे गड्डे ताटासारखे उभे राहिलेले सगळ्यांनी पाहिले. असं आडवं झालेलं झाड उभ्यापेक्षा फसवं. खोड कापून वेगळं केलं की त्याचं वजन निघून जातं आणि मुळांचा गड्डा झपकन परत खड्ड्यात बसतो. तेव्हा खड्ड्यात कुणी पोरगं डोकावत नाही ना, हे बघायला एक माणूस वेगळा ठेवावा लागतो. खोड दोन टेकूंवर पडलेलं असेल तर वरून कापताना करवत चिमटते, कारण वरची बाजू दाबाखाली असते. आधी वरून थोडा काप, मग खालून पुरा करायचा.

लाकूड पाहून झाड निवडण्याची विद्या इथे जुनी आहे. पोर्तुगीज नौदलाची ‘डोम फर्नांडो दुसरा आणि ग्लोरिया’ ही युद्धनौका १८४३ मध्ये दमणला बांधली गेली ती नगर हवेलीच्या सागवानाची. शिडं आणि डोलकाठ्यांसाठी तिचा सांगाडा गोव्याला आणला होता. असल्या जहाजांच्या वाकड्या फासळ्यांसाठी सरळ बुंधे कामाचे नसत. जन्मतः वाकलेली झाडं आणि दुबेळकी हुडकावी लागत, कारण तिथे तंतू वाकाबरोबर वळलेले असतात.

आज गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. परवानगी मिळते ती बहुधा बदल्यात रोपं लावण्याच्या अटीवर. या अदलाबदलीवर माझा फारसा विश्वास नाही. एक मीटर वीस सेंटिमीटर जाडीच्या बुंध्याचं नुसतं आडवं क्षेत्रफळ गाठायला पाच सेंटिमीटर जाडीची ५७६ रोपं लागतात, आणि यात उंची धरलेलीच नाही. जगभरातल्या जंगलांचे ठरावीक तुकडे मोजले तेव्हा जमिनीवरच्या एकूण जीवभारापैकी, म्हणजे झाडांच्या वजनापैकी, सुमारे निम्मा सर्वांत जाड एक टक्का झाडांत सापडला. म्हातारी झाडं वाढायची थांबतात हाही गैरसमज आहे. चारशेहून अधिक जातींच्या नोंदी २०१४ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा बहुतेक जातींत झाड जितकं मोठं तितकी त्याची वर्षाकाठची भर जास्त निघाली.

घरावर आलेला पोकळ आंबा ठेवता येत नाही हे खरं, पण तो मुळापासून काढायलाच हवा असंही नाही. वाऱ्याचा सगळा जोर फांद्या-पानांवर येतो. माथा उतरवून पाच-सहा मीटरचा ठोकळा उभा ठेवला की धोका जवळजवळ संपतो आणि पोपट, पिंगळे, तांबट यांची ढोली राहते. परदेशात काही ठिकाणी असे ठोकळे मुद्दाम ठेवतात. केरीच्या काकांनीही हे सुचवून पाहिलं. मालक तयार झाले नाहीत. लाकडाचा व्यवहार आधीच ठरला होता, आणि पैसे त्या बुंध्याचेच होते.