‘पी’वरची भिस्त आणि बटनाचा पार्किंग ब्रेक : पार्श्वभूमी

दोन सीटांमधला हँडब्रेकचा दांडा जाऊन तिथे बोटाएवढं बटन आलं, पण गाडी लावायची सवय तीच राहिली. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’वर, म्हणजे ‘पार्क’वर टाकायचा, इंजिन बंद करायचं आणि उतरायचं. नागपूरचे बहुतेक रस्ते सपाट असल्यामुळे ही सवय वर्षानुवर्षं खपून जाते. ती उघडी पडते रामदासपेठ-धरमपेठेतल्या इमारतींच्या बेसमेंट रॅम्पवर किंवा रामटेकच्या गडावर. तिथे ‘पी’तून गिअर काढताना ‘खट्’ असा आवाज येतो आणि गाडीला झटका बसतो. कारण तोवर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका लोखंडी खिट्टीने पेललेलं असतं.

ही खिट्टी, म्हणजे पार्किंग पॉल, गिअरबॉक्सच्या आउटपुट बाजूच्या दातेरी चाकात अडकते. ब्रेकशी तिचा काही संबंध नाही. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ‘पी’ने पुढची चाकं अडतात, पार्किंग ब्रेकने मागची. जॅक लावून पुढचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचामुळे) ते मोकळं फिरू शकतं आणि ‘पी’ असूनही गाडी सरकते. पंक्चर काढताना ब्रेक लावायलाच हवा, तो यासाठी.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ‘पी’ सुरुवातीपासून नव्हता. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलांत आलेल्या हायड्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन बंद करून लिव्हर रिव्हर्सला टाकायचा, म्हणजे चाकं अडायची. १९४८ च्या डायनाफ्लोत ‘पी’ दिसतो. तेव्हा गिअरांचा क्रमही कंपनीगणिक वेगळा असे. ‘पी-आर-एन-डी’ (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) हा आजचा क्रम तिथे १९६० च्या दशकात रुळला.

खरा वाद पेटला १९८० मध्ये. डेट्रॉइटच्या एका बड्या कंपनीच्या गाड्या चालू इंजिनवर ‘पी’तून आपोआप रिव्हर्समध्ये जातात, अशा तक्रारी साठल्या होत्या. लिव्हर ‘पी’ आणि ‘आर’च्या मधल्या कडेवर अडकायचा. चालकाला वाटायचं ‘पी’ लागला. तो उतरून गेट उघडायला जायचा, कंपनाने लिव्हर घसरायचा आणि गाडी मागे निघायची. सरकारी यंत्रणेने आधी दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष काढला, पण अखेर गाड्या परत बोलावल्याच नाहीत. १९६६ ते १९८० च्या मॉडेलांच्या सुमारे २ कोटी ३० लाख मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायला एक स्टिकर पाठवण्याची तडजोड झाली. लिव्हर ‘पी’त पक्का बसल्याची खात्री करा, पार्किंग ब्रेक पूर्ण लावा, इग्निशन बंद करा, असा त्यावरचा मजकूर.

कंपनीचं म्हणणं, चूक चालकाची. टीकाकारांचं म्हणणं, अर्धवट जागी थांबू शकणारा लिव्हर ही रचनेची चूक आहे आणि कागदाच्या तुकड्याने ती दुरुस्त होत नाही. टीकाकारांचं पारडं जड वाटतं. तरीही स्टिकरवरचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता आणि आजच्या मॅन्युअलांतही तोच सल्ला सापडतो.

प्रश्न मिटला मात्र नाही. २०१६ मध्ये जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांचा इलेक्ट्रॉनिक लिव्हर दर वेळी मधल्या जागी परत येत असल्याने ‘पी’ लागला की नाही हे हाताला कळत नसे. इथे उपाय म्हणून स्टिकर आलं नाही. दार उघडताच गाडीने स्वतः ‘पी’ लावावा, असं सॉफ्टवेअर आलं.

बटनाचा ब्रेक तोवर रुळला होता. २००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीजपासून त्याची सुरुवात धरतात. आधी मोटर केबल ओढायची. पुढे मागच्या कॅलिपरवरच (डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागावर) छोटी मोटर बसू लागली आणि २००५ च्या फोक्सवॅगन पसाटमुळे ती मध्यम किमतीच्या गाड्यांत पोचली. रांजणगावात बनणाऱ्या जीप कंपासमध्ये २०१७ पासून हे बटन होतं, तर २०२० च्या क्रेटामुळे ते गल्लोगल्ली दिसू लागलं. मात्र आपल्याकडे अनेकांची पहिली ऑटोमॅटिक २०१४ च्या सेलेरिओनंतर आलेली एएमटी होती, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने हलवणारी. तिला ‘पी’ नसतोच, हँडब्रेक ओढून गिअरमध्येच गाडी बंद करायची. तिथून ‘पी’वाल्या गाडीत आलेला चालक ब्रेक विसरतो तो इथेच.

गाडी लावण्याचा योग्य क्रम असा. ब्रेक पेडल दाबून गाडी पूर्ण थांबवा. पेडल न सोडता ‘एन’ घ्या. बटन वर ओढा आणि लाल दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. मोटरची घरघर सेकंदभर ऐकू येते. आता पेडल हळूच सोडा, म्हणजे वजन ब्रेकवर बसेल. पुन्हा पेडल दाबून ‘पी’ टाका, मग इंजिन बंद. सपाट जागी हा क्रम चुकला तरी बिघडत नाही, रॅम्पवर मात्र तोच सगळं ठरवतो. निघताना बेल्ट लावून ‘डी’ घेतला आणि ॲक्सिलरेटर हलका दाबला की ब्रेक आपोआप सुटतो. बेल्ट नसेल तर बहुतेक गाड्यांत सुटत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर रेटू नका, पेडल दाबून बटन खाली करा.

ऑटो होल्ड ही वेगळी गोष्ट. ती चारही चाकांवर ब्रेक ऑइलचा दाब धरून ठेवते. सिग्नलला किंवा वर्धा रोडच्या उड्डाणपुलाच्या चढावर ती उपयोगाची, गाडी सोडून जायला नाही.

समृद्धीवरून उतरून गाडी लगेच लावली तर डिस्क तापलेल्या असतात. थंड होताना त्या किंचित आकसतात आणि पकड सैल होते. म्हणून बऱ्याच गाड्या काही मिनिटांनी मोटर पुन्हा आवळतात. बंद गाडीतून रात्री येणारा तो आवाज बिघाडाचा नाही. नागपूरच्या ४५ अंशांत बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि ती बसली की ब्रेक सुटत नाही. आधी जंप-स्टार्ट, मग टोइंग. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागी ‘पी’वर ठेवून चाकांना विटा लावा. लावलेला ब्रेक गंजून डिस्कला चिकटतो.

इतवारीत दुहेरी रांगेत गाडी लावताना ‘न्यूट्रलला ठेवा’ म्हणतात, तेव्हा आपली गाडी बंद करताच स्वतः ‘पी’ आणि ब्रेक लावते का, हे आधी मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा. तशी असेल तर ती ढकलून हलणार नाही.

मागचे पॅड बदलताना मिस्त्रीने स्कॅनरने सर्व्हिस मोड चालू करून मोटर मागे घ्यायला हवी. पिस्टन नुसता क्लॅम्पने रेटला तर आतला स्पिंडल किंवा गिअर तुटतो आणि पॅडच्या कामात कॅलिपरचा खर्च येतो.