खुलासा: खुणांची भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी नव्हे

इंग्रजीची २६ अक्षरे बोटांवर पाठ केली, शब्दागणिक खूण शिकली की बहिऱ्या माणसांची खुणांची भाषा आली, अशी समजूत गोव्यातही घट्ट आहे. ती चूक आहे. या भाषेला, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषेला, स्वतःचे व्याकरण आहे. मराठी-कोंकणीची ती नक्कल नाही.

‘तू कुठे राहतोस?’ मध्ये ‘कुठे’ मधे येते. खुणांत क्रम असा: तू, राहणे, कुठे. प्रश्नाचा शब्द शेवटी, नकारही शेवटी. ‘हो की नाही’ विचारताना डोळे विस्फारतात, डोके किंचित पुढे येते. हात बरोबर पण चेहरा कोरा असेल, तर प्रश्न साधे विधान वाटतो. नवशिके नेमके इथेच घसरतात.

अक्षरे लागतात ती मुख्यतः नावांसाठी. ती बहुतेक दोन्ही हातांनी होतात. अमेरिकन पद्धतीत एकच हात, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ पाहून शिकू नये. ‘पणजी’ (PANAJI) लिहिताना एका हाताच्या बोटाने दुसऱ्या हाताला स्पर्श करायचा: ‘ए’साठी अंगठ्याचे टोक, ‘आय’साठी मधले बोट. शेजारच्या अनामिकेला बोट लागले की ‘ओ’ होतो, आणि ‘पणजी’चे ‘पणजो’!

शब्दांसाठी २०२१ चा दहा हजार शब्दांचा सरकारी कोश आहे, पण संभाषण बहिऱ्या माणसांकडूनच शिकावे. हाक मारायला खांद्यावर हलकी थाप द्यावी किंवा दिव्याची उघडझाप करावी. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, चेहरा काळवंडतो. दोघे खुणांनी बोलत असतील तर मधून खुशाल जावे. थांबून माफी मागत बसलात तर जास्त अडथळा होतो. आणि पणजी-बेतीच्या फेरीबोटीवर इंजिन कितीही धडधडो, या गप्पांना फरक पडत नाही.