मराठवाड्यातील जलाशयांवर छोटी होडी घेण्यासाठी शासकीय अर्थसाहाय्य : पात्रता, कागदपत्रे, अर्जाची रीत आणि होडीची निगा

नाथसागर, माजलगाव, मांजरा, येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर, विष्णुपुरी या जलाशयांवर पोट असलेली अनेक कुटुंबे आजही थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेल्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी लावतात. पैठणचा नाथसागर पूर्ण भरला की त्याचा विस्तार सुमारे 350 चौरस किलोमीटर होतो, आणि एवढ्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की उठणाऱ्या लाटांपुढे तराफ्याचा निभाव लागत नाही. चांगली होडी परवडत नाही हे खरे आहे. परंतु तिच्यासाठी मिळणारे अर्थसाहाय्य बऱ्याचदा कागद वेळेवर तयार नसल्यामुळे हातचे जाते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून अर्ज नेमका कोठे, कोणी आणि कोणत्या क्रमाने करावा, तसेच होडी हाती आल्यावर ती कशी तपासावी व राखावी, याची माहिती येथे दिली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोबाइलवर होडीच्या नोंदणीविषयी जी माहिती फिरत असते ती बहुतेक कोकणातील सागरी नौकांची असते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981, ‘रिअलक्राफ्ट’ प्रणालीवरील नौका नोंदणी, डिझेल परतावा, 1 जून ते 31 जुलै या काळातील सागरी मासेमारी बंदी या सर्व बाबी समुद्रातील नौकांना लागू आहेत. मराठवाड्यातील धरणावर वल्ह्याने चालणाऱ्या होडीच्या अर्जाला यांपैकी कोणताही कागद जोडावा लागत नाही. सागरी नोंदणी करून देतो असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

योजना कोणत्या

भूजलाशयातील, म्हणजे धरण-तलावांतील, मच्छिमारासाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग राज्य शासनाच्या मासेमारी साधनांच्या खरेदीवरील अर्थसाहाय्य योजनेचा असून तिच्यातून तयार जाळी, सूत आणि बिगरयांत्रिक होडी यांसाठी अनुदान मिळते. होडी लाकडी, पत्र्याची किंवा फायबरची यांपैकी कोणती घेणार, त्यावर अनुदानाची कमाल मर्यादा ठरते. ती मर्यादा चालू शासन निर्णयात पाहून मगच होडीचा प्रकार निवडावा.

दुसरा मार्ग केंद्र शासनाच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचा आहे. ही योजना 2020-21 मध्ये सुरू झाली, मूळ मुदत 2024-25 पर्यंत होती आणि ती पुढे 2025-26 पर्यंत वाढवण्यात आली. तिच्यात पारंपरिक मच्छिमारांना जुनी नाव बदलून नवी नाव व जाळी देण्याचा घटक असून त्याचा प्रकल्प खर्च 5 लाख रुपये धरला आहे. सर्वसाधारण प्रवर्गाला 40 टक्के आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिला लाभार्थ्यांना 60 टक्के अनुदान मिळते. म्हणजे पूर्ण प्रकल्प खर्चावर अनुक्रमे 2 लाख आणि 3 लाख रुपये. होडीबरोबर बाजाराचीही सोय करायची असेल तर याच योजनेत बर्फपेटीसह मोटारसायकलीसाठी 75 हजार रुपये प्रकल्प खर्चाचा स्वतंत्र घटक आहे. कोणत्याही घटकासाठी कागद जमवण्यापूर्वी चालू वर्षी जिल्ह्याला त्याचा लक्ष्यांक (वर्षभरात लाभ द्यायच्या अर्जदारांची ठरलेली संख्या) आहे का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावे. लक्ष्यांक नसेल तर सर्व कागद अचूक असूनही अर्ज पडून राहतो.

प्रवर्गाच्या बाबतीत मराठवाड्यात हमखास घोटाळा होतो. भोई समाज महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) प्रवर्गात येतो. परंतु मत्स्य संपदा योजनेतील वाढीव अनुदान केवळ अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिला यांनाच असल्यामुळे भोई समाजातील पुरुष अर्जदाराला 40 टक्के दराने हिशेब करावा लागतो. अनुदान 40 टक्केच मिळेल असे धरून उरलेल्या 60 टक्के स्वहिश्श्याची तरतूद करावी, म्हणजे मंजुरीनंतर अडचण येत नाही. घरातील महिला स्वतः मासेमारी, जाळे विणणे किंवा मासळी विक्री करत असेल आणि संस्थेची सभासद असेल तर तिच्या नावाने केलेला अर्ज पूर्णपणे रास्त आहे आणि तो करावा असे मी आवर्जून सांगेन. मात्र अर्जापुरते नाव लावून काम दुसऱ्यानेच करायचे असेल तर तो मार्ग टाळावा, कारण पाहणीच्या वेळी प्रश्न अर्जदारालाच विचारले जातात.

पात्रता आणि संस्थेचा दाखला

अर्जदार 18 वर्षे पूर्ण केलेला, राज्यातील रहिवासी आणि क्रियाशील मच्छिमार असावा लागतो. या तीन अटींपैकी तिसरी सिद्ध करणेच अवघड जाते. जलाशयाचा मासेमारी ठेका सामान्यतः मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो आणि ठेका असलेल्या संस्थेचा सभासद असल्याशिवाय त्या पाण्यात होडी घालण्याचा हक्कच सिद्ध होत नाही. केवळ भागभांडवलाची जुनी पावती पुरेशी नसते. सभासद प्रत्यक्ष मासेमारी करतो असा संस्थेचा चालू तारखेचा दाखला लागतो आणि त्याला आधार म्हणून संस्थेला मासळी दिल्याच्या नोंदी, वजनाच्या पावत्या किंवा पासबुकात जमा झालेली विक्रीची रक्कम दाखवता आली तर दाखल्याला वजन येते. रोहू, कटला, मरळ किंवा चिलापी, जी मासळी संस्थेत जमा केली तिची पावती त्याच दिवशी मागून घेण्याची सवय सभासदांनी लावून घ्यावी. अनेक ठिकाणी व्यवहार तोंडी चालतो, आणि ज्याने आयुष्य पाण्यावर काढले त्याच्याकडेच त्याचा एकही पुरावा नसतो, याचे मनापासून वाईट वाटते.

संस्थेचे लेखापरीक्षण रखडलेले असेल, ठेक्याची मुदत संपलेली असेल किंवा ठेका रकमेची थकबाकी असेल, तर त्याचा फटका सभासदाच्या अर्जाला बसू शकतो. त्यामुळे अर्जापूर्वी अध्यक्ष किंवा सचिवांकडे या तीन बाबींची विचारणा करावी. सभासदाला तो अधिकार आहे.

कागदपत्रे

आधार कार्ड, आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाचे पहिले पान, रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे, संस्थेचा सभासदत्वाचा व क्रियाशीलतेचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, होडी व साहित्याचे दरपत्रक आणि यापूर्वी याच घटकाचा लाभ घेतलेला नाही असे स्वयंघोषणापत्र, एवढे कागद साधारणपणे लागतात. छायांकित प्रतींवर स्वतःची सही करून त्या स्वसाक्षांकित कराव्यात. याखेरीज 11 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंदणी करून घ्यावी. ती आधार, मोबाइल क्रमांक आणि बँक खात्याच्या आधारे सामाईक सेवा केंद्रावर करता येते. नोंदणी झाल्याचे प्रमाणपत्र छापून अर्जाला जोडावे.

नावातील फरकावर विशेष लक्ष द्यावे. आधारवर ‘ज्ञानेश्वर’, पासबुकावर ‘ज्ञानोबा’ आणि संस्थेच्या सभासद नोंदवहीत ‘माउली’ अशी एकाच माणसाची तीन नावे आपल्याकडे सर्रास आढळतात. गावात त्यात काही वावगे नाही. पण अनुदान थेट खात्यात जमा होताना नावे जुळली नाहीत तर रक्कम अडकते. आधारवरील नाव प्रमाण धरून बँकेतील आणि संस्थेतील नोंद आधी दुरुस्त करून घ्यावी. खाते आधारशी जोडलेले आहे म्हणजे ते थेट लाभ हस्तांतरणासाठीही जोडलेले आहेच असे नसते. बँकेत ही बाब स्वतंत्रपणे विचारावी.

अनुसूचित जमातीच्या दराने अर्ज करणाऱ्यांनी दाखल्यावरील जमातीचा उल्लेख नीट वाचून घ्यावा. ‘कोळी’ आणि ‘कोळी महादेव’ या नोंदींचा परिणाम वेगवेगळा होतो, आणि कार्यालय सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या दाखल्यावर जे लिहिले असेल तेच ग्राह्य धरते.

दरपत्रक हा कागद बहुतेकजण दुकानदारावर सोपवतात आणि तेथेच नुकसान होते. ‘फायबर होडी, एक नग’ एवढ्या उल्लेखाचे दरपत्रक घेऊ नये. त्यावर होडीची लांबी व रुंदी, फायबरचे थर, बंद तरंगकप्पे, वल्ह्यांची जोडी, नांगर व दोर, आयएसआय चिन्ह असलेली जीवरक्षक जाकिटे, जाळ्याचा प्रकार व आसाचे (जाळ्याच्या छिद्राचे) माप आणि वस्तू व सेवा कर हे सर्व वेगवेगळे लिहून घ्यावे. दरपत्रकात नसलेली वस्तू नंतर देयकात आली तर ती अनुदानासाठी धरली जात नाही, आणि सर्वात आधी गाळली जाणारी वस्तू जीवरक्षक जाकीट हीच असते. पाण्यावर जितकी माणसे जाणार तितकी जाकिटे दरपत्रकात असलीच पाहिजेत.

अर्ज ते अनुदान

अर्ज जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात सादर करून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घ्यावा. छाननीनंतर मत्स्य संपदा योजनेतील प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीपुढे जातात. मंजुरीचे लेखी पत्र हाती येण्यापूर्वी होडी खरेदी करू नये. आगाऊ रक्कम दिल्यास दुकानदार सवलत देतो म्हणून मंजुरीआधीच्या तारखेचे देयक घेतले, तर त्या खरेदीवर अनुदान मागता येत नाही, ही बाब वारंवार सांगूनही दुर्लक्षिली जाते.

अनुदान खरेदीनंतर मिळते, त्यामुळे पूर्ण रक्कम आधी उभी करावी लागते. ती धनादेशाने किंवा खात्यातूनच द्यावी. रोखीचा व्यवहार सिद्ध करता येत नाही. खरेदीनंतर अधिकारी होडीची प्रत्यक्ष पाहणी करतात, अर्जदारासह छायाचित्र घेतले जाते आणि देयके तपासून रक्कम खात्यात जमा होते. ऊन्हाळ्यात कागद तयार ठेवून आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज दिलेला बरा, कारण फेब्रुवारी-मार्चच्या घाईत अपुरा कागद दुरुस्त करायला उसंत मिळत नाही.

होडी ताब्यात घेताना आणि नंतर

अधिकाऱ्यांच्या पाहणीआधी मालकाने स्वतः होडी तपासावी. होडी उपडी करून सकाळच्या तिरप्या उन्हात बुडाचा पृष्ठभाग पाहावा, म्हणजे केसासारख्या बारीक भेगा आणि फुगवटे दिसतात. बोटाच्या पेराने सर्वत्र वाजवत जावे. ठणठणीत आवाजाच्या मध्येच कोठे भदभदीत आवाज आला तर तेथे थर सुटले आहेत असे समजावे. नंतर होडी सुलटी करून, ओंडक्यांवर ठेवून आत दोन-चार बादल्या पाणी ओतावे आणि काही वेळाने बाहेरून ओल येते का ते पाहावे. लाकडी होडीत पाणी भरले तरी लाकूड सहसा तरंगत राहते. फायबर आणि पत्रा पाण्यापेक्षा जड असल्यामुळे बंद तरंगकप्पे नसतील तर अशी होडी पाणी भरताच तळाला जाते. कप्प्यात फोम भरला आहे की नुसती पोकळी झाकली आहे, हे विक्रेत्याला उघडून दाखवायला सांगावे.

मराठवाड्यात होडीचे आयुष्य पाण्यापेक्षा ऊन अधिक खाते. पाणी मागे सरले की होडी काठावरच्या गाळात तशीच पडून राहते आणि एप्रिल-मेच्या उन्हात तिचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत बाह्य थर) भुकटीसारखा सुटू लागतो. ती दोन ओंडक्यांवर उपडी ठेवून बाभळीच्या सावलीत किंवा ताडपत्रीखाली ठेवावी. ताडपत्री अंगाला चिकटू न देता खाली वारा खेळता ठेवावा. भेग पडल्यास वरवर लांबी (पुट्टी) भरून चालत नाही. भेगेभोवतीचा भाग घासून, पूर्ण कोरडा करून त्यावर फायबर मॅट आणि हार्डनर मिसळलेले रेझिन यांचे थर द्यावे लागतात. ओलसर भागावर दिलेला थर पहिल्या पावसातच सुटतो. पत्र्याच्या होडीत रिबिटांच्या रांगा आणि बुडाचे जोड दर हंगामापूर्वी खरवडून, गंज काढून रंगवावेत. नायलॉनची जाळी उन्हात कुजतात, म्हणून ती वाळली की सावलीत टांगावीत. धरणाची पातळी उतरल्यावर पाण्याखालची जुनी झाडे व विहिरींचे कठडे वर येतात, तेव्हा वेग कमी ठेवावा. पावसाळ्यात निघण्यापूर्वी विजेची सूचना देणारे पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप पाहावे.

अनुदान खरेदीपुरते असते, दुरुस्तीसाठी नसते. दुरुस्ती, जाळी, बर्फ आणि मजुरी यांसाठी खेळते भांडवल किसान क्रेडिट कार्डावर मिळू शकते. ही सोय 2018-19 पासून मच्छिमारांनाही लागू आहे. व्याजदर 7 टक्के असून वेळेवर फेड करणाऱ्याला 3 टक्के सवलत मिळते, आणि 1 जानेवारी 2025 पासून 2 लाख रुपयांपर्यंतच्या कृषी व संलग्न कर्जाला तारण लागत नाही. बँकेत जाताना संस्थेच्या ठेक्याची प्रत आणि सभासदत्वाचा दाखला सोबत न्यावा.

होडीच्या अर्जाबरोबरच समूह अपघात विम्याच्या यादीत नाव आहे का, हेही त्याच कार्यालयात तपासावे. मत्स्य संपदा योजनेतून 18 ते 70 वर्षे वयाच्या मच्छिमाराला हा विमा असून हप्ता केंद्र व राज्य शासन भरते. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी 2 लाख 50 हजार आणि रुग्णालयीन उपचारासाठी 25 हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. बुडून मृत्यू झाल्यास घरच्यांनी दुःखाच्या भरात शवविच्छेदन टाळू नये. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला यांशिवाय दावा उभा राहत नाही. वारसाचे नाव, त्याचे आधार व बँक खाते यांची नोंद यादीत आजच तपासावी आणि लग्न, मृत्यू किंवा वाटणीमुळे घरात बदल झाला असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी.